निदानाची मजुरी

डिझेल मोटारीचे ॲव्हरेज एकाएकी घसरल्याची फिर्याद घेऊन मालक गॅरेजात गेला, की बहुतेक ठिकाणी पहिल्या अर्ध्या तासातच त्याला एखाद्या सुट्या भागाचे नाव आणि त्याची किंमत ऐकवली जाते. परंतु दोष त्याच भागाचा आहे हे कशावरून ठरले, त्याला पुरावा कोणता, आणि इतर शक्यतांची चौकशी झाली किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे बिलावर लिहिलेली नसतात आणि तोंडीही क्वचितच मिळतात. इंजेक्टर बदलावे लागतील, पंप उघडावा लागेल, टर्बो गेला असावा, असे निकाल तपासावाचून लागतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीला चार नवे इंजेक्टर घालण्याचा खर्च म्हणजे तिच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा. आणि तो सोसूनही गाडी पूर्वीइतकेच डिझेल पीत राहिल्याची उदाहरणे ज्याच्या कानांवर आलेली नाहीत असा मोटारमालक विरळाच. या अन्यायाचे खापर मेकॅनिकच्या अप्रामाणिकपणावर फोडण्याची रीत सर्वत्र आहे. मला ती मान्य नाही. आपण सर्वांनी मिळून जो व्यवहार रूढ केला आहे त्यात सुटा भाग बसवण्याला दाम आहे आणि दोष हुडकून काढण्याला नाही, आणि जोवर हे असेच चालू राहील तोवर अत्यंत सचोटीचा कारागीरही अंदाजावर भाग बदलत राहील, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे धुराचे कडक मानक देशभर लागू झाले, तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले आणि इतर कंपन्यांच्या अनेक लहान डिझेल गाड्याही हळूहळू बाजारातून दिसेनाशा झाल्या. परंतु त्यापूर्वी विकल्या गेलेल्या गाड्या आजही तालुक्यातालुक्यांत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती धावत आहेत, आणि त्या मालकांमध्ये वडाप चालवणारे, लग्नसराईत भाड्याने गाडी देणारे, दोन गावांत नोकरी-शेती सांभाळणारे असे लोक आहेत की ज्यांचा महिन्याचा जमाखर्च डिझेलच्या आकड्यावर उभा असतो. महिन्याला 3000 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज 18 वरून 15 वर आले, तर 33 लिटर डिझेल जास्त लागते. लिटरला 90 रुपयांच्या आसपास भाव धरला तर ही रक्कम महिन्याला 3000 रुपयांच्या घरात जाते. अशा माणसाला चुकीच्या इंजेक्टरांचा खर्च दोनदा भोगावा लागतो: एकदा बिलापोटी, आणि नंतर दर महिन्याला पंपावर.

रुडॉल्फ डिझेल याने 1897 साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हा इंधनातील उष्णतेचा सुमारे एक चतुर्थांश भाग त्याने प्रत्यक्ष कामात उतरवला, आणि त्या काळच्या सामान्य वाफेच्या यंत्रांना त्याच्या निम्मेही साधत नव्हते. काटकसर हाच या यंत्राचा जन्महेतू होय. यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते, आणि इंजिनाची ताकद मुख्यतः एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे प्रत्येक वेळी किती डिझेल आत सोडले. यावरून तपासाची दिशा आपोआप निश्चित होते. डिझेल जास्त खर्ची पडत असेल तर एक तर इंजिनाला पूर्वीपेक्षा जास्त काम करावे लागत आहे, किंवा तेवढ्याच कामासाठी ते जास्त डिझेल जाळत आहे, किंवा डिझेल कामाला न येता कोठेतरी वाया जात आहे, अथवा आपले मोजमापच फसवे आहे. झीज हळूहळू होते आणि तिने घटणारे ॲव्हरेजही हळूहळू घटते. म्हणून ज्या गाडीचे ॲव्हरेज आठवड्या-पंधरवड्यात कोसळते, तिच्यात काहीतरी अडकले, फाटले, गळू लागले किंवा बदलले गेले असले पाहिजे. मालकाला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच, की हे नेमके कोणत्या सुमारास सुरू झाले आणि त्याच्या आगेमागे काय घडले: टायर बदलले का, सर्व्हिसिंग झाले का, कामाचा रस्ता बदलला का, पंप बदलला का. हा प्रश्न फुकट आहे आणि तरीही तो क्वचितच विचारला जातो.

मोजमापाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अवश्य वाटते, कारण तक्रारींपैकी बऱ्याचशा येथेच निकालात निघतात. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज म्हणजे प्रत्यक्ष मोजलेले डिझेल नव्हे. गाडीच्या संगणकाने इंजेक्टरला किती डिझेल सोडण्याचा हुकूम दिला त्यावरून केलेला तो हिशेब असतो, आणि हुकुमाबाहेर जे डिझेल गळते त्याची नोंद त्या दफ्तरात होत नाही. खरी रुजुवात टाकी फुल करूनच होते. परंतु डिझेलला फेस येतो. नोझल कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. गाडी उतारावर उभी असेल तर टाकीत हवा कोंडून राहते. आणि या सर्वांमुळे दोन लिटरांचा फरक सहज पडतो. 540 किलोमीटरला 30 लिटर लागले तर ॲव्हरेज 18 येते, पण भरताना दोन लिटर जास्त गेले तर तेच 17 च्याही खाली दिसते, आणि गाडीत वस्तुतः काहीच बिघडलेले नसते. यास्तव एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, गाडी सपाटीवर उभी करून, पहिल्या कटला थांबून, लागोपाठ तीन टाक्यांचा हिशेब वहीत लिहिल्याशिवाय कोणीही गॅरेजची पायरी चढू नये. टाकीचा हिशेब आणि पडदा यांत पूर्वी नसलेली तफावत आता दिसू लागली असेल, तर ती स्वतःच एक महत्त्वाची साक्ष होय: डिझेल हिशेबाबाहेर कोठेतरी जात आहे, किंवा पंपावर ते टाकीत पुरते पडतच नाही.

पंपाविषयीचा संशय गैर नाही. 2017 साली उत्तर प्रदेशात आणि त्यापाठोपाठ ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातही, पंपाच्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून माप मारण्याचे प्रकार उघडकीस आले होते. पाच लिटरच्या प्रमाणित मापाने डिझेल मोजून दाखवण्याची मागणी करण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे आणि त्यात 25 मिलिलिटरपेक्षा जास्त तूट येऊ नये असा दंडक आहे. घनतेचा आकडा विचारण्याचाही हक्क आहे, कारण रॉकेल डिझेलपेक्षा हलके असल्याने भेसळीत घनता उतरते आणि लिटरमागे मिळणारी शक्तीही. आपल्यापैकी फारच थोडे लोक हे हक्क बजावतात, आणि जो बजावतो त्याच्याकडे रांगेतील इतर माणसे त्रासिक नजरेने पाहतात. ही नजर बदलली पाहिजे.

चाकांचे प्रकरण थोडक्यात आटोपते. टायरची हवा, अलाइनमेंट आणि जाम झालेला ब्रेक या तीन गोष्टी इंजिनावर भार टाकतात, आणि पावसाळ्यानंतर कोकणातल्या गाड्यांत हँडब्रेकची केबल किंवा कॅलिपरची पिन गंजून ब्रेक अर्धवट लागून राहणे ही नित्याची बाब आहे. ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर गाडी चालवून थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नुसता न्यावा, लावू नये. एक चाक इतरांहून स्पष्टपणे तापलेले असेल तर पुढचा शोध तेथूनच सुरू करावा.

हवेच्या बाजूचे दोष अधिक सूक्ष्म असतात, आणि ते समजून घेतल्याखेरीज काळ्या धुराचा उलगडा होत नाही. इंजिनात शिरणारी हवा प्रथम एक सेन्सर मोजतो, मग ती टर्बोत जाते, तेथून इंटरकूलरमार्गे जाड रबरी होज पाइपातून इंजिनात पोहोचते. या पाइपाला टर्बोच्या पुढे कोठे चीर गेली, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. संगणक मात्र पूर्ण हवा मिळाली असे गृहीत धरून डिझेल सोडतो, ते पुरते जळत नाही, धूर काळा होतो, पिकअप बसतो, आणि चालक नकळत ॲक्सिलरेटर जास्त दाबू लागतो. चीर शोधायला मोठे यंत्र लागत नाही. टर्बोमधून येणाऱ्या हवेत तेलाचा बारीक अंश असतो, तो चिरेतून बाहेर पडून पाइपावर काळसर ओला डाग धरतो. क्लिपाजवळ, वाकणाच्या खालच्या अंगाला, जेथे नजर जात नाही तेथे बोट फिरवले की तो हाताला लागतो. काही शेकड्यांत बदलता येणाऱ्या अशा पाइपाच्या दोषापायी हजारोंचा टर्बो उतरवला जातो, हे मला असह्य वाटते.

आता थर्मोस्टॅटविषयी, कारण या लहानशा भागाइतका दुर्लक्षित भाग दुसरा नसेल. इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे जाऊ नये आणि इंजिन लवकर तापावे, यासाठी वाटेत मेणाच्या प्रसरणावर चालणारी एक झडप बसवलेली असते. ती साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडू लागते. ती उघडीच अडकली तर गाडी बंद पडत नाही, तापत नाही, आवाज करत नाही. उलट काटा खाली राहिलेला पाहून मालकाला समाधानच वाटते. परंतु इंजिन थंड राहिले की तेल घट्ट राहून घर्षण वाढते, ज्वलन मनासारखे होत नाही, आणि संगणक थंड इंजिनासाठी ठरवलेल्या रीतीनेच डिझेल सोडत राहतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या गाडीचे ॲव्हरेज याच कारणाने 18 वरून 15 वर आले होते आणि एका गॅरेजने त्यांना चारही इंजेक्टरांचे कोटेशन लिहून दिले होते. ते पुढे वाईजवळच्या एका वयस्क फिटरकडे गेले. त्याने बॉनेट उघडण्याआधी काटा कोठे राहतो ते विचारले. सपाट हायवेवर काटा उतरतो आणि खंबाटकीच्या चढावर थोडा वर येतो, हे ऐकून त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू करून त्याने रेडिएटरच्या वरच्या होजवर तळहात ठेवला. झडप नीट असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक कढत होतो. हा मात्र पहिल्या काही मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत गेला. काढलेला थर्मोस्टॅट बाकावर ठेवला तेव्हा झडप आणि तिची बैठक यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. नवा बसवण्यापूर्वी त्याने तो पातेल्यातल्या पाण्यात बुडवून स्टोव्हवर तापवला, शेजारी थर्मामीटर धरला, आणि पारा ऐंशीच्या पुढे चढेपर्यंत झडप मिटलेली राहून मग उघडते याची खात्री मालकाला डोळ्यांनी करून दिली. पुढच्या टाक्यांत ॲव्हरेज पूर्ववत झाले. त्या फिटरने लावलेली मजुरी इतकी अल्प होती, की ज्ञानाला इतके थोडे मोल मिळते याचे मला दुःख झाले.

2020 नंतरच्या गाड्यांत आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी लागते. सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो, आणि तो भरला की गाडी जादा डिझेल फवारून धुराचे तपमान सुमारे 600 अंशांपर्यंत नेते व साठलेली काजळी जाळून टाकते. मोकळ्या रस्त्यावर हे काम थोड्या वेळात उरकते; परंतु घर ते कचेरी आणि कचेरी ते बाजार एवढाच ज्या गाडीचा प्रवास, तिच्यात ते दर वेळी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, आणि प्रत्येक प्रयत्नात डिझेल खर्ची पडते. न जळालेले काही डिझेल तर इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर त्यात आनंद मानू नये, ती धोक्याची खूण आहे. येथे दोष पुष्कळदा गाडीत नसून तिच्या वापरात असतो, आणि शहरातल्या लहान फेऱ्यांसाठी डिझेल गाडी विकताना विक्रेत्याने हे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकल्यानेही इंजिन पुरेसे तापत नाही आणि हीच जाळण्याची क्रिया अडते. त्यामुळे एका स्वस्त झडपेपायी महागडा फिल्टर निकामी होऊ शकतो.

इंजेक्टर निर्दोष असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारहून कितीतरी अधिक दाबाने फवारले जाते, आणि मळकट डिझेल किंवा वेळेवर न बदललेला फिल्टर यांनी ते झिजतात. पण त्याचीही परीक्षा आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक पारदर्शक बाटली जोडून इंजिन ठरावीक वेळ चालवले, की ज्याची बाटली इतरांहून फार लवकर भरते तो झिजलेला ठरतो. पंपाला त्याच्यासाठी नाहक जास्त राबावे लागत असते. शिवाय स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरसाठी संगणक किती दुरुस्ती करत आहे तेही पाहता येते. चारांतला एक बिघडला असेल तर एकच दुरुस्त करावा. आणि स्कॅनरवरचा कोड म्हणजे निकाल नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे: हवेच्या सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच बिघडला असे होत नाही, फाटलेल्या पाइपामुळेही तो येतो. कोड वाचणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याचा अर्थ लावणे ही विद्या आहे.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याची निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच साधने सांगितली, आणि माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ तर सर्वस्वी रोगपरीक्षेलाच वाहिलेला आहे. यांतील उपशय म्हणजे उपचार करून पाहणे आणि गुण येतो की नाही यावरून रोग ताडणे. आपली गॅरेजे आज पाचांपैकी या एकाच साधनावर चालली आहेत, आणि तेही अशा रीतीने की प्रत्येक प्रयोगाची पूर्ण किंमत रोग्याकडून वसूल होते. कारण उघड आहे. फिटरने दोन तास घालवून पाइपाची चीर शोधली तर गॅरेजला मिळतात पाइपाचे काहीशे रुपये. अर्ध्या तासात इंजेक्टर सुचवले तर मिळतो हजारोंचा नफा. ज्या दोन तासांत खरे काम झाले त्यांना बिलावर रकानाच नाही. आणि मालकही, भागाच्या किमतीबद्दल हुज्जत न घालता, "नुसते पाहिले त्याचे पैसे कसले?" असे तावातावाने विचारतो. हा प्रश्न जोवर आपण विचारत राहू, तोवर पाहण्याची कला शिकण्याचे कोणाही तरुणाला कारण उरणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम शिकून मुले दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यातल्या हुशार मुलाला गॅरेजात पहिला धडा मिळतो तो भाग लवकर उघडण्याचा, आणि विचार करत उभे राहिल्याबद्दल त्याला बोलणी बसतात.

म्हणून माझी मागणी तपशिलाची आहे. गॅरेजने निदानाची मजुरी स्वतंत्रपणे, आधी सांगून, तासाच्या हिशेबाने लावावी, आणि ती भागाच्या किमतीत दडवू नये. मालकाने ती बिनतक्रार द्यावी, दोष क्षुल्लक निघाला तरी द्यावी, किंबहुना तेव्हा तर आवर्जून द्यावी. त्याच्या बदल्यात जॉब कार्डावर लेखी दाखला असावा: तक्रार काय होती, कोणकोणत्या चाचण्या केल्या, आकडे काय आले, आणि कोणत्या आकड्यावरून हा भाग दोषी ठरला. एका वेळी एकच बदल करावा आणि मध्ये एक टाकी चालवून पाहावी, नाहीतर गुण कशाने आला हे कोणालाच कळत नाही. काढलेला भाग मागितल्यावाचून मालकाच्या हाती द्यावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्या बिलावर निदानाची एक ओळ छापायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मोठ्या शहरांतील अधिकृत सर्व्हिस सेंटरांनी याचा आरंभ करावा, कारण स्कॅनर, चाचणीची साधने आणि प्रशिक्षित माणसे त्यांच्यापाशी आहेत. आणि टॅक्सी व वडाप चालकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी एक-दोन जाणत्या फिटरांशी ठरावीक दराने केवळ तपासणीचा करार करावा, भाग कोठून घ्यायचा आणि कोणाकडून बसवून घ्यायचा हे ज्याचे त्याने नंतर ठरवावे. तपासणारा आणि भाग विकणारा हे दोघे वेगळे झाले, तर इंजेक्टरचे कोटेशन लिहिण्यापूर्वी वरच्या होजवर हात ठेवून पाहण्यात तपासणाऱ्याचे काहीच नुकसान होणार नाही.